दुखणे आमचे, नाव देवाचे

धर्मग्रामातील एखाद्या कर्त्या पुरुषाची मूत्रपिंडे निकामी झाली, पन्नाशीच्या आतच कोणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा मधुमेहापायी एखाद्या माउलीचा पाय घोट्यावर कापावा लागला, की सांत्वनाला जाणारी मंडळी एक वाक्य हमखास उच्चारतात : ‘देवाची इच्छा!’ वाक्य श्रद्धेचे आहे. ऐकणाऱ्याला त्याने क्षणभर धीरही मिळतो. परंतु त्याच्या या सरसकट वापराविषयी आम्हांस पुष्कळ दिवसांपासून तक्रार करावयाची आहे. ज्या देवाने माणसाला बुद्धी दिली, विहिरीला पाणी दिले, वाडीत केळ, नारळ आणि भाजीपाला पिकविला, त्याच देवाची इच्छा आमच्या रक्तात साखर साचावी अशी असेल, हे आम्हांला मान्य करवत नाही. यांतली पुष्कळशी दुखणी वरून आलेली नाहीत. ती आमच्याच पंगतीत आमच्याच हातांनी वाढली जातात. आणि हा एकट्यादुकट्याच्या जिभेचा दोष नव्हे. साऱ्या धर्मग्रामाने मिळून पाडलेल्या पायंड्यांचे हे फळ आहे, असा आमचा आरोप आहे.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. काही मुलांना लहान वयातच मधुमेह होतो. शरीरातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. तो आजार खाण्यापिण्याने ओढवत नाही. अशा मुलाच्या आईला ‘तूच त्याला गोड फार दिलेस’ असे ऐकविणारी नातलग मंडळी तिच्यावर घोर अन्याय करतात. आम्ही बोलत आहोत ते चाळिशीच्या आगेमागे पावलांचा आवाज न करता घरात शिरणाऱ्या मधुमेहाविषयी, रक्तदाबाविषयी आणि त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या विकारांविषयी. दहा-पंधरा वर्षे काहीच दुखत नाही. त्या काळात वाढलेली साखर डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या आणि पायांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजवीत असते. दुखू लागते तेव्हा आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास यंत्राला जोडून घेण्याची वेळ आलेली असते.

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या आजाराच्या उंबरठ्यावर उभे आहेत. प्रौढांमधील मधुमेहाचे देशातील प्रमाण ११.४ टक्के. सर्व राज्यांत पहिला क्रमांक मात्र गोव्याचा, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एकाहून अधिक! गोव्यात सर्व धर्मांचे लोक नांदतात, तेव्हा हा आकडा केवळ ख्रिस्ती माणसाच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु भात, पाव, बेकरीचा माल, सणाचे गोडधोड आणि समारंभातील मद्य या बाबतींत वसईचे ताट आणि गोव्याचे ताट ही सख्खी भावंडे आहेत. ‘ती गोव्याची गोष्ट’ म्हणून पान उलटण्याची सोय आम्हांला नाही.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आज ज्या कार्याचा वारसा सांगते, ते कार्य १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या शोधापासून सुरू झाले. तांदूळ गिरणीत पांढराशुभ्र सडला, की त्याच्या कोंड्याबरोबर एक जीवनसत्त्व निघून जाते आणि केवळ त्या भातावर जगणाऱ्याचे हातपाय व हृदय दुबळे होते, असा तो रोग. अन्नातील उणिवेच्या शोधासाठी जन्मलेल्या या संस्थेने २०२४ साली आहाराविषयी नव्या सूचना प्रसिद्ध केल्या आणि देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे असल्याचा अंदाज त्यांत नमूद केला. निम्म्याहून अधिक! ज्या दुखण्यांच्या निवारणासाठी आम्ही नव्हेना करतो, नवस बोलतो, मेणबत्त्या लावतो, त्यांपैकी किती दुखण्यांना ताटातच आवर घालता आला असता, याचा हिशेब कोणी मांडावा?

यावर ठरलेले उत्तर येते : ‘पण आम्ही कुठे लठ्ठ आहोत?’ या उत्तराचा समाचार पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मार्मिकपणे घेतला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांच्या एका इंग्रज स्नेह्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांच्या उंची-वजनाचे प्रमाण अगदी एकसारखे. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आमच्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह आहे. त्याचे मूळ गर्भात आहे, असे याज्ञिक व त्यांचे सहकारी सांगतात. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडमधली सुमारे ३.५ किलोची, मात्र कमी भरलेले वजन हाडामांसाचे आणि आतील अवयवांचे होते, चरबी बाळाने त्या मानाने राखून ठेवली होती. उपासमारीसाठी तयार होऊन जन्मलेल्या अशा देहापुढे पुढे मैदा, साखर आणि तेल यांची रास पडली, की त्याला ती पेलवत नाही. आमच्या आजी-पणजींनी टंचाईत दिवस काढले. ती टंचाई आमच्या रक्तात अजून वस्तीला आहे. ‘पूर्वी खायला मिळत नव्हते, आता देवाने दिले आहे तर खा’ हा आमच्या वडीलधाऱ्यांचा प्रेमळ आग्रह म्हणूनच सर्वांत घातक आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खात-पीत होत्या, त्यांची बाळे अधिक वजनाची निपजली. वसईच्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावे. हिरवी भाजी आणि फळे पिकविणे हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन ज्यांच्या आया-बहिणी मुंबईच्या बाजाराला गेल्या, त्यांच्याच घरात आज मुलांच्या डब्यात काय असते? मुंबईकरांच्या तीन पिढ्यांना आम्ही पालेभाजी पुरविली आणि स्वतःच्या नातवंडांना दोन मिनिटांच्या शेवया शिकविल्या. केळफुलाची भाजी, शेवग्याचा पाला, परसातली अळूची पाने ही गरिबीची खूण ठरली. पाकिटातले ते प्रतिष्ठेचे.

पावाचे तसेच. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविली, ही जुनी कथा खरी किती आणि रचलेली किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आज विहिरीत पाव टाकायला कोणी येत नाही. आम्हीच भल्या पहाटे सायकलवाल्याला थांबवून लादी घेतो. सकाळी चहाबरोबर पाव, मधल्या वेळी खारी, संध्याकाळी पॅटिस, आणि आजारी माणसाला भेटायला जाताना बिस्किटांचे पुडे! मैदा म्हणजे गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून उरलेला पांढरा गाभा. चोथा निघून गेल्यामुळे तो झटपट पचतो आणि रक्तातील साखर झटपट वर चढवितो. बेकरीच्या पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पती तुपातील घातक मेदावर सरकारने २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली खरी; पण कोपऱ्यावरच्या दुकानातील उघड्या बरणीवर ती टक्केवारी कोण लिहून ठेवतो?

घाटावरची कथा वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला येते. नगर आणि मराठवाड्यातील आमच्या ख्रिस्ती बांधवांचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, मिशनच्या आवारात परदेशी दुधाच्या भुकटीसाठी रांगा लावल्या. त्या मदतीने माणसे जगली, याविषयी आम्हांस कृतज्ञता आहे. पण पुढे शिधावाटपातून गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला आणि भाकरी मागे पडली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या उंची हॉटेलांत बाजरीचे पदार्थ चमकले. आणि ज्यांची ती भाकरी, त्यांच्या लग्नात पाहुण्यांपुढे ती ठेवायला यजमान लाजतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे समारंभांकडे येऊ. ‘एका दिवसाने काय होते?’ असा सवाल आम्हांला नेहमी ऐकावा लागतो. सवाल रास्त आहे. एका दिवसाने काहीही होत नाही. प्रभू स्वतः मेजवान्यांना जात असे. त्याच्या निंदकांनी त्याला खादाड म्हणण्यापर्यंत मजल मारली. आनंदाच्या दिवशी तोंड पाडून बसण्याचा उपदेश करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हेत. फुगे आणि इंद्याल यांच्याशी आमचे कसलेही वैर नाही, आणि नाताळच्या करंज्या आम्हीही मोजून खात नाही. परंतु वाचकांनी घरातील दिनदर्शिका काढून त्या ‘एका दिवसा’वर खुणा कराव्यात. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, दृढीकरण, साखरपुडा, हळद, मांडव, लग्न, स्वागत समारंभ, पाचपरतावण, धर्मग्रामाचा सण आणि शेजारच्या चार धर्मग्रामांचे सण, नव्हेनाच्या नऊ दिवसांचा अल्पोपाहार, छोट्या ख्रिस्ती समूहाची बैठक, वाढदिवस, लग्नाची पंचविशी, पन्नाशी, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. आमचा अंदाज पन्नासाच्या खाली येत नाही. आठवड्याला एक! शिवाय दुसऱ्या दिवशी उरलेले संपविण्याचा दिवस वेगळा. कानाच्या लग्नातील द्राक्षारसाचा दाखला थट्टेने देणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, त्या यजमानाच्या पाहुण्यांना पुढच्या शनिवारी दुसरे लग्न नव्हते.

या पंगतींत वाढले जाते तरी काय? दोन प्रकारचे मांस, तळलेले कोळंबीचे काहीतरी, बिर्याणी, आइस्क्रीम, केक आणि शीतपेय. पालेभाजी शोधावी तर ती सजावटीत. न्याहारीला सॉसेजची भर पडू लागली आहे. असे प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केले, हे इथे नोंदवून ठेवतो. मद्याविषयी या पानांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पुनरुक्ती नको.

शीतपेयाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्याला आम्ही मद्याचा सोज्ज्वळ पर्याय मानतो. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चमचे. कोणा मुलाने आपल्यादेखत चहात सहा चमचे साखर घातली, तर आपण त्याचा हात धरू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून मिसळलेली सगळी साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या. एका बाटलीत तो दिवस संपला. असे असता सणाच्या दिवशी चर्चच्या वाटेवर शीतपेयाच्या कंपनीची कमान असते, तिच्याखालून संताची मिरवणूक जाते, आणि धर्मशिक्षणाच्या स्पर्धेत वचने पाठ म्हणणाऱ्या बालकाला बक्षीस म्हणून तीच बाटली मिळते! आमच्या फादरांची स्थितीही दयनीय होते. घरे आशीर्वादित करण्यास निघालेल्या धर्मगुरूने पहिल्या घरी पेला नाकारला तर गर्व, आणि विसाव्या घरी घेतला तर मधुमेह.

आता उपवासकाळ. धर्मसंहितेनुसार राखेचा बुधवार आणि प्रभूच्या दुःखसहनाचा शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्ज्य, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत उपवास. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली हे नियम सैल केले, ते लोकांनी स्वेच्छेने अधिक त्याग करावा आणि प्रार्थना व परोपकार यांची त्याला जोड द्यावी, या अपेक्षेने. आम्ही सैलपणा उचलला आणि अपेक्षा तिथेच ठेवली. शुक्रवारी मटण नाही, म्हणून पापलेट. नियम मोडला असे कोणी म्हणू शकणार नाही. मासळी मांसात मोडत नाही. पण मटणाहून महाग पापलेट खाऊन आम्ही कोणत्या दुःखसहनात सहभागी झालो? यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितले आहे : त्यात भुकेल्याला आपल्या भाकरीचा वाटा देण्याची गोष्ट आहे, पदार्थ बदलण्याची नाही. आणि दानिएल व त्याच्या सोबत्यांनी राजाच्या पक्वान्नांना नकार देऊन दहा दिवस भाजीपाला व पाण्यावर काढले, तेव्हा ते राजाचे अन्न खाणाऱ्यांहून अधिक धष्टपुष्ट दिसले, ही कथा आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकविली जाते. वर्ग सुटल्यावर वडापाव असतो.

‘हे सारे पोट भरलेल्यांचे चोचले, गरिबांना काय सांगणार?’ असा एक आक्षेप आहे, आणि तोच आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे आदिवासी बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. तो भाग आज आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. एकाच जिल्ह्याच्या पूर्वेकडे पोषणाच्या अभावी मुलांची वजने भरत नाहीत आणि पश्चिमेकडे पंगतीतले अन्न ड्रमांत भरून फेकले जाते. याज्ञिकांचे संशोधन इथे पुन्हा आठवावे : आज कमी वजनाने जन्मलेले ते बाळ उद्या मजुरीसाठी आमच्याच गावात येईल, वडापाव आणि दहा रुपयांच्या शीतपेयावर दुपार काढील, आणि विशी-तिशीत मधुमेहाच्या वाटेला लागेल. म्हणजे हा विषय श्रीमंतांचा नाही. मधुमेह झाल्यावर श्रीमंताला औषध परवडते. गरिबाची वाडी विकली जाते.

गतकाळाचे गोडवे गाणाऱ्यांशीही आमचे पूर्ण जमत नाही. आजोबांच्या ताटात सारे अमृतच होते असे नव्हे. खारवलेली मासळी, आंबट कालवण आणि डोंगराएवढा भात हे ते ताट. मिठाचे प्रमाण आजच्या पाच ग्रॅमांच्या मर्यादेत बसले असते असे आम्हांस वाटत नाही. पण आजोबा तो भात जिरवीत होते. रहाटामागे बैल हाकणे, पानवेलीला पाणी देणे, केळीचे लोंगर खांद्यावरून वाहणे यांत त्यांचा दिवस जाई. रहाट गेला, पंप आला. वाडी गेली, इमारत आली. भात मात्र तेवढाच राहिला, आणि वर केक चढला. म्हणून ‘आपले जुने खाणे खा’ एवढा उपदेश पुरेसा नाही. भात निम्मा करून ताटाचा अर्धा भाग भाजी व फळांनी भरावा आणि डाळ-कडधान्य किंवा मासळी रोज असावी, इतके साधे गणित आहे. त्याला परदेशी बियाणी आणि महागड्या भुकट्या लागत नाहीत. जवळा, मांदेली, बांगडा, वाल, ताक, राजेळी केळे हे सारे आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर आहे. मधुमेह्याने केळे किती खावे, हे मात्र डॉक्टरांना विचारावे. वसईकर असल्याची सवलत त्यात मिळत नाही.

हे कुटुंबाने एकट्याने करायचे म्हटले, तर होणार नाही. पन्नास घरांनी पाच-पाच पदार्थ केले असता एक्कावन्नाव्याने दोन करावेत, एवढे धैर्य लग्नघरात नसते. ‘मुलीचा बाप कंजूस’ हा शेरा जन्मभर चिकटतो. म्हणून आमचा रोख धर्मग्रामाच्या पालकीय मंडळाकडे आहे. मंडपाची उंची, बँडचे तास, मद्यावरील बंदी यांविषयी मंडळे ठराव करू शकतात, तर धर्मग्रामाच्या आवारात साखरेची पेये विकली जाणार नाहीत, नव्हेनाच्या अल्पोपाहारात ताक, शहाळे, उकडलेले चणे किंवा फळ असेल, स्पर्धांची बक्षिसे खाद्यपदार्थांची नसतील, असा ठराव का करू शकत नाहीत? वर्षातून एकदा मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय करणेही अवघड नाही. आमच्यातच परिचारिका आणि सिस्टर इतक्या आहेत की, बाहेरून कोणाला बोलावण्याची गरज पडू नये.

येत्या सणाच्या तयारीची पहिली सभा लवकरच ठिकठिकाणी भरेल. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘खाद्यपेय’ असा एक विषय असतो, आणि तो ‘गेल्या वर्षीप्रमाणे’ असे म्हणून दोन मिनिटांत मंजूर होतो. त्या दोन मिनिटांत कोणीतरी उठून उभे राहावे आणि विचारावे की, कमानीपोटी शीतपेयाच्या कंपनीकडून गेल्या वर्षी किती रुपये आले, आणि धर्मग्रामाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून डायलिसिससाठी त्याच वर्षी किती रुपये गेले. दोन्ही आकडे खजिनदाराच्या एकाच वहीत आहेत.